व्हॉल्व्ह उघडणारा आणि मिटवणाराही कॅम

डुकाटीचे नाव निघाले की आमच्या वर्गातली मुले आधी वेग विचारतात. आम्ही त्यांना व्हॉल्व्हबद्दल विचारतो. एरवीच्या इंजिनात कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो मिटवते. फेरे फार वाढले की स्प्रिंग मागे पडते. व्हॉल्व्ह वेळेवर मिटला नाही तर पिस्टनवर आदळू शकतो. १९५४ साली बोलोन्याच्या या कारखान्यात आलेल्या फाबियो तालियोनी यांनी मिटवण्याचे कामही कॅमकडेच दिले. हीच ती ‘डेस्मो’ रचना. कल्पना त्यांची नव्हे, मर्सिडीजने शर्यतीच्या मोटारीत ती आधीच वापरली होती. पण मोटरसायकलवर नांदवली ती तालियोनींनी. १९५६ मध्ये त्यांची १२५ सीसी डेस्मो स्वीडनमधली शर्यत जिंकली. २००७ चे मोटोजीपी विजेतेपद केसी स्टोनरने डेस्मोवरच मिळवले.

या करामतीची किंमत गॅरेजमध्ये कळते. प्रत्येक व्हॉल्व्हची उघडण्याची वेगळी आणि मिटण्याची वेगळी, अशा दोन फटी मोजाव्या लागतात. शर्यतीच्या घराण्यातल्या पानिगाले व्ही-४ ला ते शोभते. लांबच्या प्रवासाच्या मल्टिस्ट्राडा व्ही-४ साठी मात्र २०२० मध्ये कंपनीने साधी स्प्रिंग परत आणली. तिच्या व्हॉल्व्हची तपासणी आता ६०,००० किलोमीटरवर होते. जुन्या चाहत्यांना हे रुचले नाही. आम्हाला मात्र यातच कारागिरी दिसते.