नेमकं इंग्रजी, लेखांक ७ : ‘कम्प्राइज’ला ‘ऑफ’ लागत नाही

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. ज्या राज्य पुनर्रचना कायद्याने तो आला, त्याचं आठवं कलम आपल्या भागातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावं. इतिहासासाठी तर वाचावंच, पण एका क्रियापदासाठीही. नव्या मुंबई राज्यात कोणता मुलूख येणार याची तिथे यादी आहे. त्यात नांदेड आहे, आदिलाबादचा किनवट आहे, आणि आज लातूर जिल्ह्यात असलेले अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तेव्हाच्या बीदर जिल्ह्यातले तालुके आहेत. या सगळ्या यादीआधी शब्द आहे ‘कम्प्रायझिंग’. त्याच्यामागे ‘ऑफ’ नाही.

आपल्याकडचे प्रबंध, प्रकल्प अहवाल, महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका चाळल्या की मात्र ‘कम्प्रायझेस ऑफ’ किंवा ‘इज कम्प्राइज्ड ऑफ’ हमखास भेटतं. हा ‘ऑफ’ शेजारच्या ‘कन्सिस्ट्स ऑफ’मधून घुसलेला आहे. ‘कम्प्राइज’ म्हणजे पोटात सामावून घेणं. जे सामावून घेतं ते आधी, जे सामावतं ते नंतर. मध्ये शब्दयोगी अव्ययाला काही काम नाही.

दुसरी चूक जास्त खोलवरची आहे आणि ती आपल्या मराठीतून येते. ‘विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात चार जिल्हे येतात’ असं आपण सहज म्हणतो. इथे कर्ता आहे जिल्हे. तीच घडण इंग्रजीत नेली की ‘फोर डिस्ट्रिक्ट्स कम्प्राइज द ज्युरिस्डिक्शन’ असं उलटं वाक्य तयार होतं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झालं. त्याच्याबद्दल लिहायचं तर ‘इट्स ज्युरिस्डिक्शन कम्प्रायझेस फोर डिस्ट्रिक्ट्स’ असं लिहावं आणि पुढे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली ही नावं द्यावीत. जिल्ह्यांपासूनच सुरुवात करायची असेल तर ‘मेक अप’ किंवा ‘कन्स्टिट्यूट’ वापरावं.

राज्यघटनेत दोन्ही क्रियापदं आपापल्या जागी दिसतात. अनुच्छेद १ मध्ये भारताचं राज्यक्षेत्र ‘शॅल कम्प्राइज’, तर अनुच्छेद ७९ मध्ये संसद ‘शॅल कन्सिस्ट ऑफ’. ‘इज कन्सिस्टिंग ऑफ’ मात्र कुठेच लिहू नये.

‘कम्प्राइज्ड ऑफ’वरून जगभर वाद आहे. ब्रायन हेंडरसन या अमेरिकी संगणक अभियंत्याने विकिपीडियावरून हा प्रयोग काढून टाकण्यासाठी २०१५पर्यंत सुमारे ४७,००० दुरुस्त्या केल्या होत्या. दुसरीकडे काही शब्दकोशांनी तो नोंदवून घेतलाय. माझं मत स्पष्ट आहे : प्रबंधात आणि अर्जात तो टाळावा. आपली मुलं खेड्यापाड्यांतून येऊन, मराठी माध्यमात शिकून संशोधनापर्यंत पोचतात. त्यांच्या कामावर चर्चा व्हायच्या आधीच परीक्षक भाषेवर अडखळावा, हे मला सोसवत नाही.

एक बारकावा राहिला. ‘कम्प्रायझेस’नंतरची यादी पूर्ण हवी. लातूर जिल्ह्याबद्दल लिहिताना लातूर, औसा, रेणापूर, निलंगा, शिरूर अनंतपाळ, देवणी, उदगीर, जळकोट, अहमदपूर, चाकूर असे दहाही तालुके द्यायचे असतील तरच हे क्रियापद घ्यावं. उदगीर, औसा एवढीच नावं घेऊन थांबायचं असेल तर ‘इन्क्लूड्स’ लिहावं, आणि मग शेवटी ‘एटसेट्रा’ जोडण्याचीही गरज उरत नाही.