ताटातला हिशेब फोनच्या वहीत

वाण्याची यादी, दुधाचे खाडे, मुलांच्या परीक्षांच्या तारखा, सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा. एवढ्या सगळ्याचा हिशेब गृहिणीच्या डोक्यात पक्का असतो. पण "काल दिवसभरात तुम्ही स्वतः काय खाल्लंत?" असे कोणी विचारले तर? "काही नाही हो, दोन पोळ्या नि भाजी," हेच उत्तर यायचे. मुलाच्या डब्यात परत आलेला पराठ्याचा तुकडा, ताटात टाकलेला वरणभात, पातेल्याच्या तळाची खीर यांना आपण खाणे म्हणतच नाही. ते "संपवणे" असते!

फोनवर आहार, चालणे, वजन यांची नोंद ठेवणारी जी ॲप्स निघाली आहेत, ती मला याच कारणासाठी बायकांच्या उपयोगाची वाटतात. आठच दिवस लिहून पाहा. दोन चमचे साखरेचा चहा चार वेळा झाला, तर नुसत्या साखरेचे १६० उष्मांक होतात, दूध वेगळेच. हे कोणी सांगून पटत नाही, स्वतःच्या हाताने नोंदवले की पटते.

ॲपमध्ये आपले पदार्थ असतात का, ही शंका साहजिक आहे. परदेशी ॲप्समध्ये थालीपीठ शोधताना पुरेवाट होते. पण बंगळूरमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या 'हेल्दीफायमी'ने भारतीय जेवणावरच भर दिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०१९ साली 'न्यूट्रिफाय इंडिया नाऊ' हे ॲप काढले.

खरी अडचण वाटीची आहे. ॲप विचारते, "आमटी किती? एक वाटी?" आता वाटी कोणाची? माहेरहून आलेली पितळेची, की लग्नात आहेर म्हणून आलेल्या सेटमधली? त्यावर सोपा उपाय असा, की रोजच्या वाटीत पाणी भरून ते औषधाच्या मापाने किंवा मापाच्या भांड्याने एकदा मोजावे आणि तो आकडा लक्षात ठेवावा. पोळीचेही तसेच. कणकेचा एक गोळा काट्यावर ठेवून पाहिला की काम झाले.

तेलाचे काय? तुमच्या फोडणीत किती पळ्या पडल्या, हे फोनला दिसत नाही. तो आपला ठरीव अंदाज धरतो. तेव्हा तेलाचा हिशेब फोनवर सोपवू नका, डब्यावरून काढा. चार माणसांच्या घरी महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज साधारण ३३ मिलिलिटर, म्हणजे साडेसहा चहाचे चमचे झाले. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ उष्मांक, म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास उष्मांक नुसत्या तेलातून! (आमच्या घरी हा हिशेब मांडल्यावर भज्यांचा वार महिन्यातून एकदाच येऊ लागला, आणि त्यावरून झालेली कुरकूर कोणत्याही ॲपमध्ये नोंदलेली नाही.)

पण मैत्रिणींनो, एका बाबतीत मात्र या फोनला फार डोक्यावर बसवू नका. ॲप उघडले की बहुधा पहिला प्रश्न येतो, "किती किलो कमी करायचे?" आमच्या शाळेतल्या एका बाईंनी असेच रोजचे बाराशे उष्मांक ठरवून घेतले. त्यात सोमवार आणि चतुर्थीचे उपास. उपासाच्या दिवशी तर फोन हिरवी खूण करून शाबासकी द्यायचा, आणि बाई खूश! दोन जिने चढताना धाप लागायला लागली, तेव्हा कुठे रक्त तपासले. हिमोग्लोबिन नऊच्या खाली. बायकांना बारा तरी हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले होते. म्हणजे आपल्यापैकी निम्म्याहून अधिक जणींचा प्रश्न "कमी खा" एवढ्याने सुटणारा नाही. म्हणून ॲपमध्ये उष्मांकांच्या खाली जे प्रथिने आणि लोह लिहिलेले असते, तो रकाना आधी वाचा. उसळीवर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहामुळे जेवणातले लोह अंगी लागत नाही.

चालण्याचा आकडाही असाच. रोज दहा हजार पावले हा मंत्र कोणा डॉक्टरांनी दिलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राचे नावच "दहा हजार पावलांचे माप" असे होते, तिथून तो आकडा जगभर गेला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत रोज सुमारे ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसला आणि साडेसात हजारांपुढे तो फारसा वाढला नाही. जागतिक आरोग्य संघटना तर पावले सांगतच नाही. आठवड्याला दीडशे मिनिटे दम लागेलसे चालणे सांगते. आणि फोन ओट्यावर ठेवून तुम्ही गच्चीवर कपडे वाळत घालून आलात, तर त्याच्या लेखी तुम्ही बसूनच होतात! उलट मनगटावर पट्टा असेल, तर कणीक मळणेही तो कधीकधी चालण्यात धरतो.

आता जरा नाजूक गोष्ट. पाळीच्या तारखा ठेवणारी ॲप्स पुष्कळ मुली वापरतात. त्यातल्या 'फ्लो' या ॲपने बायकांची खाजगी माहिती फेसबुक, गुगलसारख्या कंपन्यांना पुरवली, असा आरोप अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने ठेवला होता. २०२१ साली कंपनीने दोष मान्य न करता तडजोड केली आणि यापुढे स्पष्ट संमती घेऊनच माहिती देऊ, असे कबूल केले. तेव्हा ॲप परवानग्या मागते, त्या एकेक वाचून द्या. खाण्याची नोंद ठेवायला तुमच्या फोनमधले पत्ते आणि तुम्ही कुठे आहात ते कशाला हवे? आणि ॲप नको झाले तर नुसते पुसून टाकू नका. आधी आतले खाते बंद करा, माहिती काढून टाकण्याची सोय असेल तर तीही वापरा. ही सगळी कटकट नको वाटली, तर पाळीच्या तारखेसाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीचे बारीक टिंब आहेच. आपल्या आयांना ते पुरत होते, आणि ते कोणाला कळतही नसे.