साधी सॅक घेतली म्हणून कॅमेरा सुरक्षित होत नाही

रहिमतपूर, कोरेगाव, पुसेगाव, कऱ्हाड या पट्ट्यात लग्नांचे आणि यात्रांचे फोटो काढणाऱ्या तरुण मुलांच्या तोंडून एक सल्ला सतत ऐकू येतो. “कॅमेऱ्याची बॅग कॅमेऱ्याची दिसता कामा नये. साधी कॉलेजची सॅक घ्यायची. आत काय आहे ते कुणाला कळतच नाही, मग चोरी होईल कशी?” यातलं पहिलं वाक्य विचार करण्याजोगं आहे. शेवटचं साफ चुकीचं आहे. हप्त्यावर घेतलेलं दोन-अडीच लाखांचं सामान त्या शेवटच्या वाक्याच्या भरवशावर कार्यालयाच्या कोपऱ्यात टाकून मुलं अक्षता टिपायला पळतात, हे पाहून चीड येते.

मंगल कार्यालयात चोर कशासाठी शिरतो ते आधी बघू. कॅमेरा हे त्याचं पहिलं लक्ष्य नसतं. दागिने, आहेराची पाकिटं, पाहुण्यांचे मोबाइल यांवर त्याची नजर असते. तो चांगले कपडे घालून येतो. मुलाकडच्यांना तो मुलीकडचा वाटतो आणि मुलीकडच्यांना मुलाकडचा. त्याला हवी असते कुणाच्या तरी मावशीची किंवा आत्याची वाटावी अशी, खुर्चीखाली ठेवून विसरलेली साधी बॅग, कारण सोनं आणि रोकड अशाच बॅगेत असते. कॅमेऱ्याची ओळख पुसून तुम्ही आपली बॅग नेमकी त्याच रांगेत नेऊन बसवता. याउलट, कंपनीचं नाव असलेली चौकोनी काळी बॅग उचलून एखादा अनोळखी माणूस दाराकडे निघाला, तर आचारी, बँडवाला, निदान मांडवाचं काम करणारा पोरगा तरी विचारण्याची शक्यता असते, “ओ, फोटोवाल्यांची बॅग कुठं नेताय?” कार्यालयात बॅग ओळखू येणं फायद्याचं असतं. ‘लपवा’ हा सल्ला तिथे उलटा पडतो.

दुसरी चूक याहून मूलभूत आहे. आत काय आहे हे चोराला कळलं नाही तर तो हात लावणार नाही, असं आपण धरून चालतो. उचलेगिरी करणारा आधी बॅग उचलतो आणि आत काय आहे ते नंतर, दूर गेल्यावर पाहतो. एसटीत चढतानाच्या रेटारेटीत, रेल्वेच्या डब्यात, चहाच्या टपरीवर तो बॅगेकडे बघण्याआधी मालकाकडे बघतो. मालक मोबाइलमध्ये गुंतलाय का, बॅग वरच्या रॅकवर टाकून झोपलाय का, पट्टा हातात आहे की सुटा लोंबतोय, एवढंच त्याला पाहायचं असतं. शिवाय ‘साधी सॅक’ म्हणून मुलं जी विकत आणतात, ती जाड पट्ट्यांची, पाठीला गादी असलेली नवीकोरी काळी सॅक पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांना लॅपटॉपची म्हणून ठाऊक आहे. कॅमेरा लपवायचा आणि लॅपटॉप असल्याचं जाहीर करायचं, यात साधलं काय?

मग साध्या बॅगेचा उपयोगच नाही का? आहे. चोरी दोन तऱ्हांची असते. एक संधी साधून होणारी, तिच्यावर बॅगेच्या रूपाचा जवळजवळ काही परिणाम होत नाही. दुसरी पाळतीवरची. स्टँडपासून तुमच्या मागे राहणं, लॉजमध्ये तुम्ही कोणती खोली घेतली ते पाहणं, कासला गाडी लावून तुम्ही पठारावर गेलात की मागच्या सीटवर काय आहे ते काचेतून न्याहाळणं. इथे चोर आधी निवड करतो, आणि त्या निवडीत तुमचं नाव येऊ न देण्याचं काम अनाकर्षक बॅग खरोखर करते. दुसरा फायदा फोटोंचा. बाजारात भाजी मांडून बसलेल्या आजीसमोर मोठी बॅग खाली ठेवून, चेन सर्रकन ओढून, तीनचार कप्पे उघडलेत की आजी पदर सावरून सरळ बसते आणि तो फोटो तिथेच संपतो. कापडी झोळीतून हात घालून छोटा कॅमेरा काढलात तर काम मोडत नाही. फोटो काढण्याआधी तिला विचारायचं, हे मात्र झोळी असली तरी सुटत नाही. बॅग साधी ठेवणं वेगळं आणि चोरून फोटो काढणं वेगळं.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे: जिथे जायचंय तिथे आजूबाजूच्यांच्या खांद्यावर काय असतं? सकाळी साताऱ्याकडे नोकरीला किंवा कॉलेजला निघालेल्या माणसाच्या पाठीवर डब्याची, चार पावसाळे काढलेली सॅक असते. रणदुल्लाखानाचा मकबरा पाहायला रहिमतपुरात आलेल्या माणसाने तशीच सॅक आणली तर कुणी वळून बघणार नाही. तोच माणूस चामड्याच्या पट्ट्यांची, पितळी बकलांची खाकी बॅग अडकवून आला तर पाचवीतलं पोरसुद्धा विचारेल, “काका, शूटिंग आहे का?” अशा बॅगा ‘कॅमेऱ्याच्या वाटत नाहीत’ म्हणून विकल्या जातात. लंडनमध्ये वाटत नसतील. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जात असताना, किंवा लोणंदहून फलटणकडे निघालेल्या वारीत, ती बॅग शंभर पावलांवरून दिसते.

त्या बॅगांचा इतिहास मात्र याच मुद्द्याची साक्ष देतो. बिलिंगहॅम ही इंग्लंडमधली कंपनी १९७३ साली मासेमारीच्या बॅगा शिवायला लागली. कंपनीच्याच सांगण्यानुसार, न्यूयॉर्कमधले फोटोग्राफर आपल्या बॅगा कॅमेऱ्यासाठी घेतायत हे तिच्या १९७८च्या सुमारास लक्षात आलं आणि तिथून ती कॅमेरा बॅगांकडे वळली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या दैनिकातले फोटोग्राफर जिम डोमके यांनी त्याच दशकात कॅनव्हासची मऊ बॅग बनवली, कारण बाजारातल्या कडक पेट्या घेऊन पळता येत नव्हतं. आँरी कार्तिए-ब्रेसाँ तर आपल्या लायकाच्या चकाकत्या भागावर काळी पट्टी चिकटवत असत. या सगळ्यांनी आपापल्या गावात, आपापल्या कामाला सोयीचं ते निवडलं. आपण त्यांची निवड विकत आणतो, निवडण्याची रीत आणत नाही.

कार्तिए-ब्रेसाँच्या पट्टीवरून आणखी एक. साध्या सॅकसाठी चार दुकानं फिरणारी मुलं कॅमेऱ्याला कंपनीने दिलेला गळपट्टा तसाच ठेवतात. त्यावर ठळक अक्षरांत कंपनीचं आणि मॉडेलचं नाव असतं, आणि सॅकच्या अर्धवट लागलेल्या चेनमधून तोच बाहेर डोकावत असतो. तो काढून बिननावाचा पट्टा लावा. एवढ्या बदलाने नवी बॅग घेण्याहून जास्त फरक पडतो.

“जुनी, विटकी सॅक सगळ्यात चांगली,” हाही याच सल्ल्याचा भाऊ. विटकी चालेल, पण उसवलेली चालणार नाही. कॅनन ५डी मार्क फोर बॅटरीसह ८९० ग्रॅम, २४-७० ची दुसऱ्या आवृत्तीची एफ २.८ लेन्स ८०५ ग्रॅम, ७०-२०० ची एफ २.८ जवळपास दीड किलो. फ्लॅश, बॅटऱ्या आणि चार्जर धरले की ओझं साडेतीन-चार किलोंवर जातं. वह्या-पुस्तकांचं वजनही तेवढं असतं, पण पट्टा तुटून ती पडली तर फार तर कोपरे दुमडतात. पट्टा वरच्या बाजूला जिथे जोडलेला असतो ती जागा बोटांनी ओढून पाहा. तिथे एकच सरळ शिलाई असेल तर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे किंवा चांभाराकडे नेऊन आडवी-उभी दाट शिलाई मारून घ्या.

आतल्या मऊ भागाबद्दलही गोंधळ आहे. जितका फोम जाड तितकं सामान सुरक्षित, असं समजून लोक फुगीर बॅग घेतात. फोम आदळण्याचा धक्का कमी करतो, हे खरं. पण रोजचं नुकसान बहुधा लेन्सवर लेन्स घासून आणि कॅमेऱ्यावर चार्जर आपटून होतं, आणि ते थांबवतात ते कप्पे. म्हणून आपल्याच सॅकमध्ये बसेल असा कप्प्यांचा सुटा खोका घ्या. दुकानात त्याला ‘इन्सर्ट’ म्हणतात. मग बाहेरची सॅक हवी तेव्हा बदलता येते: कामाला एक, प्रवासाला दुसरी. अति जाड फोमने सॅकला पेटीचा आकार येतो आणि साधेपणाचा हेतूच जातो, हा तोटा वेगळाच. टॉवेलात गुंडाळणं हा उपाय नव्हे. टॉवेल ओल धरतो आणि त्याचे तंतू लेन्सच्या मागच्या काचेवर बसतात.

ओलीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. “बॅगेत सिलिका जेलची पुडी टाकली की बुरशी येत नाही.” पुडी ठरावीक ओल शोषते आणि मग थांबते. रंग बदलणारे दाणे घ्या, रंग बदलला की पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तापवून पुन्हा वापरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कासच्या धुक्यातून आलात की सामान बॅगेबाहेर काढा आणि बॅग उघडी वाळवा. फोम आणि कापड ओल धरून ठेवतात, आणि बंद, अंधाऱ्या, दमट बॅगेत पावसाळाभर पडलेल्या लेन्सवर बुरशी धरायला वेळ लागत नाही. तांदळात कॅमेरा पुरण्याचा सल्ला देणाऱ्याला विचारा, तांदळाची भुकटी लेन्सच्या फिरत्या भागातून बाहेर कोण काढणार?

“वॉटरप्रूफ लिहिलंय.” कापड असेल. पाणी शिवणीतून आणि चेनमधून शिरतं. वरून घालायचं कव्हर सोबत ठेवाच.

“चेनला छोटं कुलूप लावलं की झालं.” नायलॉनची चेन बॉलपेनच्या टोकाने दात फाकवून उघडता येते आणि कुलूप जागच्या जागी राहतं. कुलपाने फार तर थोडा वेळ मिळतो. रेल्वेत खालच्या बर्थखाली सामान बांधायला कड्या असतात, साखळी त्यांत अडकवली तर निदान अख्खी बॅग जात नाही.

“आडवा पट्टा घातला की कुणी ओढू शकत नाही.” पायी चालताना हे पुष्कळसं खरं आहे. दुचाकीवर मात्र धावत्या गाडीवरून कुणी पट्टा खेचला तर बॅगेबरोबर माणूसही पडतो. सॅक दोन्ही पट्टे घालून पाठीवर घ्या, नाहीतर स्कूटरवर पायांमध्ये ठेवा.

“विमानात बॅटऱ्या मोठ्या बॅगेत टाकल्या तरी चालतं.” सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकायला बंदी आहे. त्या हातातल्या बॅगेत, टोकं झाकून न्यायच्या. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या बॅटऱ्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात.

आणि शेवटचा गैरसमज, जो पुणे-मिरज मार्गावर रोज ये-जा करणाऱ्यांकडूनही ऐकू येतो: “रेल्वेत चोरी झाली तर रेल्वे भरपाई देते.” रेल्वे कायदा, १९८९ चं कलम १०० सांगतं की प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर येते ती रेल्वे कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध झालं तरच. जून २०२३ मध्ये एका प्रवाशाच्या कमरपट्ट्यातल्या १ लाख रुपयांच्या चोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही, प्रवासी स्वतःचं सामान सांभाळू शकला नाही तर त्यासाठी रेल्वेला जबाबदार धरता येत नाही, असाच निकाल दिला. विम्याचंही तसंच. अनेक पॉलिसींत लक्ष न ठेवता सोडलेल्या सामानाची चोरी, किंवा गाडी फोडल्याची खूण नसताना गाडीतून झालेली चोरी, वगळलेली असते. घेताना ते कलम वाचा.

चोरी झालीच तर तक्रारीत ‘काळा कॅमेरा, काळी सॅक’ एवढंच लिहिणाऱ्याला मदत करणं पोलिसांनाही अवघड असतं. कॅमेऱ्याच्या बुडाशी आणि लेन्सच्या अंगावर सिरियल नंबर असतो. तो बिलासोबत, शक्यतो फोटो काढून, मोबाइलबाहेर कुठेतरी जपून ठेवा. तो हरवला असेल तर जुने फोटो उघडा. अनेक कॅमेरे प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये स्वतःचा सिरियल नंबर नोंदवतात, आणि तुमच्या हार्ड डिस्कवरच्या एखाद्या साखरपुड्याच्या मूळ फाइलमध्ये तो सापडू शकतो. चोरी धावत्या रेल्वेगाडीत झाली असेल तर रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर फोन करा. चोरी नेमकी कोणत्या हद्दीत झाली हे माहीत नाही म्हणून पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. चोरी सातारा ते मिरज यांच्यामध्ये कुठेही झालेली असो, उतराल त्या स्टेशनवर ती नोंदवा.