तुंबा आणि आरे : दूरदूरच्या कचेऱ्यांचें जाळें

बैलगाडीच्या चाकाचा प्रत्येक आरा तुंब्यांत बसविलेला असतो. दोन आऱ्यांस मध्येंच जोडणारी आडवी काठी कोणी घालीत नाहीं. दूरदूरच्या कचेऱ्यांतील संगणक एकमेकांस जोडतांना बहुधा हीच रचना पत्करली जाते. मुख्य कचेरी हा तुंबा आणि शाखा हे आरे. इंग्रजींत हिला ‘हब अँड स्पोक’ म्हणतात.

हिचें कारण काटकसर हें होय. ५१ कचेऱ्यांपैकीं प्रत्येक कचेरी इतर प्रत्येकीस थेट जोडावयाची म्हटल्यास १२७५ जोडण्या लागतील. एक मुख्य कचेरी व ५० शाखा अशी मांडणी केल्यास ५० पुरतात. शिवाय पहारा एकाच ठिकाणीं ठेवतां येतो.

परंतु नुसती तार पोंचली म्हणजे संदेश पोंचतो असें नाहीं. प्रत्येक कचेरीच्या दाराशीं ‘राउटर’ नांवाचें यंत्र असतें. संदेशाचे लहान लहान तुकडे, म्हणजे ‘पॅकेटें’, त्याच्या हातीं येतात. त्यांवरील पत्ता वाचून कोणतें पॅकेट कोणत्या वाटेनें धाडावयाचें हें तें ठरवितें. त्यासाठीं त्याच्याजवळ मार्गांचें एक कोष्टक असतें. तें कोष्टक बिनचूक भरणें हेंच सारें काम.

पहिलें पाऊल पत्त्यांचें. १९९६ सालच्या नियमानुसार १० या आंकड्यानें सुरू होणारे पत्ते संस्थांच्या अंतर्गत वापरासाठीं राखलेले आहेत. त्यांतून सातव्या शाखेस १०.१.७, आठवीस १०.१.८ असा एकेक गट द्यावा. एकच गट दोन शाखांस दिला गेला, तर तुंब्याच्या राउटरास एकाच नांवाचीं दोन गांवें दिसतात आणि एकीचे संदेश दुसरीकडे जातात.

दुसरें पाऊल मार्गांचें. शाखेचें कोष्टक अगदीं सोपें : आपल्या घरचें नसेल तें सर्व तुंब्याकडे धाडावें. यालाच ‘डिफॉल्ट रूट’ म्हणतात. तुंब्याच्या कोष्टकांत मात्र ५० शाखांच्या ५० नोंदी लागतात. नवशिक्याची चूक येथेंच होते. शाखेंतील ओळ तो लिहितो, मुख्य कचेरींतील ओळ विसरतो. मग बँकेच्या खातेदाराच्या शिलकेची विचारणा शाखेंतून सुखरूप जाते, परंतु उत्तरास परतीची वाट ठाऊक नसते. खिडकीशीं उभ्या असलेल्या खातेदारास वाटतें, तार तुटली. तार तर शाबूत असते. म्हणून जाण्याची व येण्याची, अशा दोन्ही वाटा निरनिराळ्या तपासाव्या.

नोंदी हातानें न भरतां राउटरांनीं त्या एकमेकांस सांगाव्या, अशीही सोय आहे. ज्या ‘रिप’ पद्धतीचे नियम १९८८ सालीं प्रसिद्ध झाले, तींत राउटर दर ३० सेकंदांनीं आपलें कोष्टक शेजाऱ्यांस कळवितो. तिचा ‘स्प्लिट होरायझन’ नांवाचा नियम असा : ज्या दारानें वार्ता आली, त्याच दारानें ती परत सांगूं नये. खोटी वार्ता फिरून फिरून येऊं नये यासाठीं हा नियम हितकर आहे. पण सर्व शाखा तुंब्याच्या एकाच दारास जोडलेल्या असतील, तर सातवीची वार्ता आठवीस कधींच कळत नाहीं. यास उपाय दोन : त्या दाराचीं कल्पित पोटदारें करून प्रत्येक शाखेस एक द्यावें, अथवा तुंब्यानें ‘बाकी सर्व माझ्याकडे धाडा’ एवढेंच सर्वांस कळवावें.

१९९९ सालीं भारतीय बँकांसाठीं उपग्रहाच्या द्वारें सुरू झालेलें ‘इन्फिनेट’ हें अशाच घडणीचें होतें. त्याचा तुंबा हैदराबादेस होता. असा उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. शाखेचा संदेश वर जाऊन तुंब्यापाशीं उतरण्यास सुमारें पाव सेकंद लागतो. तोच दुसऱ्या शाखेस जावयाचा तर दोन फेऱ्या, म्हणजे अर्धा सेकंद. काटकसरीची ही किंमत होय.

याहून मोठी किंमत अशी कीं, तुंबा मोडल्यास पन्नासही आरे निकामी होतात. यासाठीं दुसऱ्या गांवीं दुसरा तुंबा उभारावा आणि प्रत्येक शाखेच्या राउटरांत त्याच्याकडे नेणारा दुय्यम मार्ग लिहावा. पहिला मार्ग बंद पडल्यावरच तो उपयोगांत यावा. मात्र एवढ्यानें निश्चिंत होऊं नये. वर्षांतून एकदां, बँकेच्या सुटीच्या दिवशीं, पहिला तुंबा मुद्दाम बंद करून पाहावा. दुसऱ्याच्या कोष्टकांतही पन्नास परतीच्या वाटा लिहिलेल्या आहेत कीं नाहींत, हें त्या दिवशीं कळतें.