जुन्या मोटारसायकलीस नवे टायर



यंत्र जुनें झालें म्हणजे त्याची किंमत दोन ठिकाणीं दोन प्रकारें ठरते. बाजारांत तें भंगार ठरतें, आणि ज्या घरांत तें वापरलें गेलें त्या घरांत तें वडिलोपार्जित धन ठरतें. वडिलांची अथवा आजोबांची मोटारसायकल जपून ठेवणारीं घरें आपल्या प्रांतांत आज पुष्कळ आहेत. कोणी इंजिन उघडून दुरुस्त करवितो, कोणी टांकीस नवा रंग देतो, कोणी हँडलावर नवा मुलामा चढवितो. परंतु ह्या साऱ्या यंत्राला जमिनीशीं जोडणारी जी एकच वस्तु, तिचा विचार बहुधा शेवटीं होतो. ती वस्तु म्हणजे टायर. जुन्या गाडीसाठीं आजच्या बाजारांतून टायर कसा निवडावा, हा आजचा विषय आहे.

उदाहरणासाठीं आपण सर्वांच्या ओळखीची गाडी घेऊं. १९५५ सालीं मद्रास येथें, म्हणजे आजच्या चेन्नईस, एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली, आणि तिची ३५० सी. सी. ची बुलेट गांवोगांव पोंचली. ह्या गाडीच्या टायरावर ‘३.२५–१९’ असें माप असे. पहिला आंकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा ज्या रिमवर तो बसतो तिच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. एवढी मोठी गाडी, तिच्यावर दोन माणसें. तरीही जमिनीला टेंकलेला भाग प्रत्येक चाकाखालीं जेमतेम तळहाताएवढा असतो. ब्रेक दाबला, वळण घेतलें, पावसांत घाट उतरला, कीं सारा भरंवसा त्या दोन तळहातांवर असतो.

म्हणून पहिला प्रश्न मापाचा नव्हे, वयाचा आहे. १८३९ सालीं चार्ल्स गुडईयर ह्या अमेरिकन संशोधकास असा शोध लागला, कीं गंधक मिसळून तापविलें म्हणजे कच्चें रबर चिकटपणा सोडतें आणि लवचिक व टिकाऊ बनतें. रबराच्या लांबच लांब कणसांखळ्यांमध्यें गंधक जणुं पूल बांधतो. परंतु हवेंतील प्राणवायु, ओझोन आणि ऊन यांचें कार्य त्या रबरावर पुढेंही चालूच राहतें. वर्षें लोटतात तसतसें रबर कडक होतें, आणि त्याला बारीक भेगा पडतात. मऊ रबर रस्त्याच्या खडबडींत शिरून तिला धरतें. कडक रबर वरचेवर सरकतें. कोरड्या रस्त्यावर हा फरक लपतो, ओल्या रस्त्यावर तो उघडा पडतो.

येथेंच जुन्या गाडीच्या मालकाची फसगत होते. रोज धांवणाऱ्या गाडीचा टायर झिजतो, त्याचा गोटा होतो, आणि मालक तो बदलतो. जी गाडी महिन्यांतून एकदां बाहेर निघते, तिचा टायर झिजत नाहीं. तो नुसता म्हातारा होतो. नक्षी खोल, रंग काळा, आणि रबर मात्र लांकडासारखें. आपल्या कायद्याप्रमाणें दुचाकीच्या टायरवर किमान ०.८ मिलिमीटर खोलीची नक्षी हवी. पण म्हातारा टायर त्या परीक्षेंत सहज उत्तीर्ण होतो. दुकानांत वर्षानुवर्षें पडून राहिलेला, कधींही न वापरलेला ‘जुना परंतु कोरा’ टायर कोणी हौसेनें देऊं करील, तर तोही ह्याच जातीचा समजावा.

वय ओळखण्याची रीति सोपी आहे. टायरच्या बाजूवर लहानशा लंबगोलांत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तेथें तीनच आंकडे असतील, तर तो टायर २००० सालापूर्वींचा आहे. तो शोभेसाठीं ठेवावा, रस्त्यासाठीं नव्हे. पांच वर्षांनंतर टायर दरवर्षीं नीट तपासावा, आणि दहा वर्षें झालीं म्हणजे तो कितीही चांगला दिसला तरी काढावा, असा साधारण दंडक आहे. आपल्या उन्हांत ह्याहून लवकर बदलणें शहाणपणाचें.

दुसरा प्रश्न मापाचा. आजचे पुष्कळ टायर मिलिमीटरांत मोजतात. ‘९०/९०–१९’ ह्यांत पहिला आंकडा रुंदीचा. दुसरा सांगतो कीं, टायरची उंची रुंदीच्या शेंकडा नव्वद आहे. तिसरा पूर्वींप्रमाणेंच रिमचा, इंचांत. जुन्या मापांत उंची रुंदीएवढीच धरीत. आतां हिशेब करून पाहूं. सव्वातीन इंच म्हणजे सुमारें साडेब्याऐंशी मिलिमीटर. रिमचे १९ इंच म्हणजे सुमारें ४८३. दोन्ही बाजूंची उंची मिळविली, तर जुन्या टायरचा व्यास सुमारें ६४८ मिलिमीटर येतो. ९०/९०–१९ चा व्यास ६४५ येतो. फरक अवघा तीन मिलिमीटरांचा. म्हणून जुनें माप न मिळाल्यास हें चालण्याजोगें आहे.

माझा एक जुना विद्यार्थी वडिलांची बुलेट सजवीत होता. मागें रुंद टायर घातला म्हणजे पकड वाढेल, असें त्याचें म्हणणें. ११०/९०–१९ त्याच्या मनांत भरला होता. मीं त्याला वहींत गणित मांडावयास सांगितलें. व्यास ६८१ आला. म्हणजे टायर मडगार्डाकडे सोळा मिलिमीटर सरकणार, चेनच्या बाजूस जागा कमी होणार, आणि गीअर शेंकडा पांच उंच होऊन चढावर इंजिन कष्टी होणार. शिवाय जुन्या गाडीची रिम अरुंद, पावणेदोन इंचांहून थोडी अधिक. रुंद टायर तिच्यावर बसविला म्हणजे त्याच्या कडा आंत आवळल्या जातात, माथा टोंकदार होतो, आणि जमिनीस टेंकणारी जागा वाढण्याऐवजीं घटते. त्यानें गणित पुन्हां एकदां तपासलें आणि मूळ मापाचाच नवा टायर आणला.

तिसरा प्रश्न घडणीचा. जुनी गाडी तिरप्या धाग्यांच्या टायरसाठीं बांधलेली असते. रेडियल टायरचे धागे कडेपासून कडेपर्यंत आडवे जातात, आणि त्याचें वागणें वेगळें. एका चाकास एक व दुसऱ्यास दुसरा, असें मिश्रण करूं नये. स्पोकच्या चाकांत प्रत्येक स्पोकच्या भोंकांतून हवा निसटूं शकते. म्हणून येथें ट्यूब हवीच, आणि टायरबरोबर ट्यूब व रिमवरची पट्टीही नवी घालावी. पुढच्या टायरवर लांब उभ्या रेषा असतात. त्या गाडीस दिशा धरून ठेवावयास मदत करतात. मागच्यावरचे ठोकळे इंजिनाचा जोर रस्त्यावर उतरवितात. बाजूवर बाण असेल, तर चाक त्याच दिशेनें फिरेल असा टायर बसवावा. तेथेंच ‘५४’ सारखा आंकडा व एक रोमन अक्षर असतें. ५४ म्हणजे त्या टायरवर २१२ किलोंचा भार चालतो. ‘पी’ म्हणजे ताशीं १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. गाडीच्या पुस्तकांत मागितलेल्याहून हे आंकडे कमी नसावेत.

एक शंका मात्र उरते. नवा टायर घातला तर गाडीचा अस्सलपणा जाईल काय? शंभराहून अधिक वर्षांपूर्वींचे टायर फिकट रंगाचे असत. रबरांत काजळी मिसळूं लागले तेव्हां ते काळे आणि अधिक टिकाऊ झाले. आज कित्येक चांगल्या टायरांत सिलिकाही घालतात, आणि ओल्या रस्त्यावर पकड सुधारते. जुन्या नक्षीचे व जुन्या मापाचे, परंतु नव्या रबराचे टायर आज मिळतात. डोळ्यांस जुनें आणि रस्त्यास नवें, असा हा मेळ आहे. अस्सलपणा इंजिनांत जपावा, टांकीवर जपावा. रबरांत जपूं नये.

टायर बसविल्यावर पहिले शंभर-दीडशें किलोमीटर जपून चालवावे, कारण नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. हवा पुस्तकांत दिली असेल तितकी, आणि टायर थंड असतां भरावी.

तेव्हां क्रम ध्यानांत ठेवावा: आधीं वय, मग माप, मग घडण, आणि सर्वांत शेवटीं रूप. वाडवडिलांची गाडी आपण स्मरणासाठीं ठेवतों हें खरें. पण तिच्यावर बसतो तो घरांतला आजचा मुलगा. तो पावसांतून सुखरूप परत यावा, हीच त्या स्मरणाची खरी जपणूक होय.