परगावच्या खरेदीदारांना घरविक्री

परगावच्या खरेदीदारांना घरविक्री म्हणजे दुसऱ्या शहरात, राज्यात किंवा देशात राहणाऱ्या, तसेच नोकरी, शिक्षण वा निवृत्तीनिमित्त स्थलांतर करणाऱ्या व्यक्तींपर्यंत विक्रीच्या घराची माहिती पोहोचवून व्यवहार घडवून आणण्याची पद्धत होय. गावातल्या गावात घर घेणारा माणूस शेजाऱ्यांना विचारतो, पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचते का ते पाहतो, वेगवेगळ्या वेळी जागेवर जाऊन येतो. परगावच्या खरेदीदाराला हे शक्य नसते. त्याच्या हाती प्रामुख्याने घराचे वर्णन येते. त्यामुळे अशा विक्रीत वर्णनाचा खरेपणा आणि तो दुरून पडताळून पाहण्याची सोय यांना विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून या वर्णनावर कायद्याचे नियंत्रण आले आहे.

पार्श्वभूमी

मराठवाड्यातून पुणे, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षण व नोकरीसाठी होणारे स्थलांतर हे या विक्रीचे महाराष्ट्रातील एक मोठे क्षेत्र आहे. परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असून परभणी–परळी लोहमार्गावर तेथे रेल्वे स्थानक आहे. अशा गावातील मुलगा किंवा मुलगी हिंजवडी अथवा चाकण परिसरात नोकरीस लागते, काही वर्षे भाड्याने राहते आणि मग घर घेण्याचा विचार सुरू होतो. पैशाचा काही भाग बहुधा गावाकडून येतो. तो आईवडिलांची निवृत्तीची पुंजी असतो, दागिन्यांवरचे कर्ज असते किंवा विकलेल्या शेताच्या तुकड्याचे मोल असते. पैसा देणारी पिढी मात्र ज्या इमारतीत तो गुंतवते, ती इमारत अनेकदा ताबा मिळण्याच्या दिवशीच प्रथम पाहते.

या प्रकारच्या खरेदीदारांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात : स्थलांतरित नोकरदार व त्यांचे कुटुंबीय, बदलीच्या नोकरीतील कर्मचारी आणि अनिवासी भारतीय. तिघांच्या गरजा भिन्न असल्या तरी अडचण एकच असते. निर्णय घ्यायला वेळ थोडा असतो आणि जागेवर जाण्याच्या संधी त्याहून थोड्या असतात.

पूर्वी अशी विक्री वर्तमानपत्रांतील जाहिराती, नातेवाइकांचा शब्द आणि शहरांतील गृहप्रदर्शने यांवर चाले. २००५ मध्ये ९९एकर्स, २००६ मध्ये मॅजिकब्रिक्स आणि २०१२ मध्ये हाउसिंग डॉट कॉम ही संकेतस्थळे सुरू झाल्यावर शहराबाहेरच्या माणसालाही घरांची यादी घरबसल्या पाहता येऊ लागली. मार्च २०२० मध्ये लागू झालेल्या टाळेबंदीत चित्रफिती, दृक्‌श्राव्य कॉल आणि संगणकावरील घरदर्शन यांचा वापर झपाट्याने वाढला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने मुद्रांक शुल्कात तात्पुरती सवलत दिल्याने घरखरेदीला चालना मिळाली.

जगातील पूर्वानुभव

न पाहता जमीन व घर विकत घेण्याचा प्रश्न नवा नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात भूखंडांच्या खरेदीची लाट आली. उत्तरेकडील राज्यांतील असंख्य लोकांनी केवळ जाहिराती व टपालाने आलेली पत्रके पाहून पैसे गुंतवले. काही भूखंड प्रत्यक्षात दलदलीत निघाले. दशकाच्या मध्यास ही लाट ओसरली आणि सप्टेंबर १९२६ च्या चक्रीवादळाने उरलेसुरले कंबरडे मोडले. दूरच्या ग्राहकांना टपालाने भूखंड विकण्याचे प्रकार मात्र नंतरही चालू राहिले. अखेर १९६८ मध्ये अमेरिकेने आंतरराज्य भूखंडविक्रीसाठी माहिती उघड करणे बंधनकारक करणारा कायदा केला. विक्रेत्याने किती गोड बोलावे यावर बंधन घालण्यापेक्षा, त्याने कोणती माहिती दडवू नये हे ठरवणे अधिक उपयोगी पडते, हे तत्त्व त्यामागे होते. भारतातील पुढील कायद्यातही हेच तत्त्व दिसते.

विपणनाची साधने

परगावच्या ग्राहकासाठी पुढील साधने सर्रास वापरली जातात.

* छायाचित्रे : रुंद कोनाच्या भिंगाने घेतलेल्या छायाचित्रात लहान खोलीही ऐसपैस वाटते. इमारत पूर्ण होण्यापूर्वी दाखवली जाणारी चित्रे बहुधा संगणकावर काढलेली असतात.
* नमुना सदनिका : ग्राहक एखाद्या दिवसासाठी आला तर त्याला सजवलेली सदनिका दाखवतात. तिच्यातील फर्निचर, दिवे आणि कधीकधी फरशीही प्रत्यक्ष विक्रीत समाविष्ट नसते.
* चित्रफीत व थेट कॉल : आधी तयार केलेल्या चित्रफितीपेक्षा थेट कॉल अधिक उपयुक्त ठरतो. त्यात खिडकी उघडून बाहेरचे दृश्य दाखवणे, नळ सोडणे, जिना व वाहनतळ दाखवणे अशी मागणी ग्राहकाला करता येते.
* अंतराची विधाने : ‘स्थानकापासून दहा मिनिटांवर’ अशा वाक्यात वाहन कोणते आणि वेळ कोणती हे सांगितलेले नसते. नकाशावर सकाळच्या कार्यालयीन वेळेतील प्रवास तपासल्यास या विधानाचा अर्थ कळतो.
* प्रदर्शने व मध्यस्थ : मोठे विकासक परदेशांतही प्रदर्शने भरवतात. तेथे ‘आजच नोंदणी केल्यास सवलत’ असा आग्रह होणे नेहमीचे आहे.

दूरच्या ग्राहकासाठी काम करणारा चांगला विक्रेता घराचे दोषही आधी सांगतो. पश्चिमेची ऊन येणारी खोली, टँकरवर अवलंबून असलेले पाणी किंवा शेजारचे रिकामे आरक्षित मैदान या गोष्टी ग्राहकाला नंतर कळतातच. त्या आधी कळल्या तर अनावश्यक फेऱ्या, रद्द होणारे व्यवहार आणि तक्रारी टळतात.

क्षेत्रफळ आणि किंमत

दुरून घर घेणाऱ्याची सर्वाधिक गल्लत क्षेत्रफळात होते. भिंतींच्या आतील वापरण्याजोग्या जागेस चटई क्षेत्र म्हणतात. २०१६ च्या कायद्यानुसार त्यात आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांची जागा, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. जिना, उद्वाहन, प्रवेशकक्ष इत्यादींचा वाटा मिळवून सांगितलेल्या क्षेत्रास बोलण्यात ‘सुपर बिल्टअप’ किंवा ‘विक्रीयोग्य क्षेत्र’ म्हणतात.

उदाहरणार्थ, विक्रीयोग्य क्षेत्र १,००० चौरस फूट, दर ५,००० रुपये आणि किंमत ५० लाख रुपये असे सांगितले गेले, पण चटई क्षेत्र ७०० चौरस फूट असेल, तर प्रत्यक्ष वापराच्या जागेचा दर प्रति चौरस फूट सुमारे ७,१४३ रुपये पडतो. दोन शहरांतील किंवा दोन प्रकल्पांतील घरांची तुलना चटई क्षेत्रावरच करावी लागते. कागदपत्रांत क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असल्यास १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट हे प्रमाण वापरतात.

जाहिरातीतील किमतीत कर व शुल्क धरलेले असतेच असे नाही. मुद्रांक शुल्क ७ टक्के असलेल्या शहरात बांधकाम चालू असलेले ५० लाखांचे घर घेतल्यास ३.५ लाख रुपये मुद्रांक शुल्क, कमाल मर्यादेनुसार ३०,००० रुपये नोंदणी शुल्क आणि ५ टक्क्यांप्रमाणे २.५ लाख रुपये वस्तू व सेवा कर, असा एकूण ६.३ लाख रुपयांचा खर्च वाढतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर वस्तू व सेवा कर लागत नाही.

जाहिरातीवरील कायदेशीर बंधने

महाराष्ट्रात सदनिकांच्या विक्रीसाठी १९६३ पासून ‘मोफा’ या नावाने ओळखला जाणारा कायदा आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा केंद्रीय कायदा १ मे २०१७ पासून पूर्णतः अमलात आला. त्यासाठी राज्यात महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजेच ‘महारेरा’, स्थापन झाले. या कायद्याची घटनात्मक वैधता मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केली. परगावच्या खरेदीदाराच्या दृष्टीने त्यातील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

* कलम ३ : प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही, विक्री करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसलेले किंवा सदनिका आठांपेक्षा अधिक नसलेले प्रकल्प यातून वगळलेले आहेत.
* कलम ४ : खरेदीदारांकडून येणाऱ्या रकमेचा ७० टक्के भाग जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी स्वतंत्र बँक खात्यात ठेवावा लागतो.
* कलम ११ : जाहिरातीत नोंदणी क्रमांक व प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा उल्लेख आवश्यक असतो.
* कलम १२ : जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या व्यक्तीस नुकसानभरपाईचा हक्क आहे. तिला प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास संपूर्ण रक्कम व्याजासह परत मिळते.
* कलम १३ : विक्रीकरार लेखी करून नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.
* कलम १४ : ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करावे लागतात.

१ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणे बंधनकारक केले. पोखर्णीत बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही मोबाइलने तो कोड टिपून पुण्यातील प्रकल्पाची अधिकृत माहिती पाहता येते. नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या मध्यस्थासही प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते.

दुरून करावयाची पडताळणी

महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे, जमिनीच्या मालकीविषयीचा कायदेशीर अहवाल, प्रकल्पावरील बोजे, चालू खटले, पूर्णत्वाची घोषित तारीख आणि विकल्या गेलेल्या सदनिकांची संख्या दिलेली असते. घोषित तारीख पूर्वी किती वेळा वाढवली गेली, यावरून विकासकाच्या वक्तशीरपणाचा अंदाज येतो.

जमिनीचा सातबारा उतारा महाभूलेख संकेतस्थळावर पाहता येतो. त्यातील ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा किंवा अन्य नोंद असू शकते. शहरी भागात सातबाराऐवजी मालमत्ता पत्रक असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ शोधल्यास त्या मिळकतीचे पूर्वीचे नोंदणीकृत व्यवहार कळतात. बँकेकडील तारणाची नोंद सेरसाई या केंद्रीय नोंदणीत शोधता येते. ही कागदपत्रे खरेदीदाराने स्वतः काढणे इष्ट असते. विक्रेत्याने मोबाइलवर पाठवलेली प्रत हा मूळ नोंदीला पर्याय होत नाही.

मुखत्यारपत्र आणि अनिवासी खरेदीदार

नोंदणीस स्वतः उपस्थित राहता येत नसल्यास मुखत्यारपत्राद्वारे प्रतिनिधी नेमता येतो. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ नुसार भारतात राहणारी व्यक्ती आपल्या राहत्या क्षेत्रातील निबंधक किंवा दुय्यम निबंधकापुढे असे पत्र प्रमाणित करून घेऊ शकते. म्हणजे पोखर्णीच्या रहिवाशाला पुण्यातील दस्ताच्या नोंदणीसाठी परभणीतच मुखत्यारपत्र करता येते. परदेशात राहणारी व्यक्ती ते तेथील नोटरी किंवा भारतीय वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्यापुढे करते. असे पत्र राज्यात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

मुखत्यारपत्र विशिष्ट घर व विशिष्ट कामापुरते मर्यादित ठेवणे सुरक्षित असते. केवळ सर्वसाधारण मुखत्यारपत्रावर ‘विक्री’ झाल्याने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केले.

अनिवासी भारतीयांना भारतात निवासी व व्यापारी मिळकत खरेदी करता येते. शेतजमीन, फार्महाउस आणि मळ्याची जमीन मात्र विकत घेता येत नाही. किंमत बँकेमार्फत किंवा अनिवासी खात्यांतूनच द्यावी लागते.

तक्रारीचे मार्ग

महारेराकडे तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने परगावच्या खरेदीदाराला आणखी एक सोय दिली. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. त्यामुळे पुण्यातील सदनिकेविषयी परभणीच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, मात्र त्यासाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपेक्षा अधिक नसावी लागते. रेरा कायदा असला तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दिला.

मर्यादा

वरील संरक्षणाचा मोठा भाग विकासकाने विकलेल्या नव्या घरांनाच लागू होतो. एका मालकाने दुसऱ्याला विकलेले जुने घर महारेराच्या कक्षेत येत नाही. तेथे कागदपत्रांची छाननी, गृहनिर्माण संस्थेकडील थकबाकीची चौकशी आणि वकिलाचा सल्ला यांवरच भिस्त ठेवावी लागते.

उलट दिशेच्या व्यवहारातही हीच उणीव जाणवते. शहरात स्थायिक झालेली कुटुंबे गावाकडील वडिलोपार्जित घर दुरूनच विकू पाहतात, तेव्हा बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना क्रमांक ८ पुढे केला जातो. हा उतारा कर आकारणीचा असून तो मालकीचा निर्णायक पुरावा नाही. शिवाय अशा घरात भाऊबहिणींचे हिस्से असू शकतात आणि वारसा हक्काने येणारा मुलींचा वाटा कागदावर अनेकदा दिसत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून घरमालकांना मालमत्ता पत्रक दिले जाते. हे पत्रक झालेल्या गावांत घराची हद्द व धारकाचे नाव अधिकृत नोंदीवरून तपासता येते. तरीही सर्व वारसांची लेखी संमती घेणे आवश्यकच राहते.