शोकातली आशा नेमकी कुठे शोधायची?
समजा, जवळचं माणूस गमावलेल्या ख्रिस्ती लोकांच्या मुलाखती तुम्ही घेताय. एक आई सांगते, "रोज रात्री देवाला विचारते, तेव्हा कुठे होतास?" आपण लगेच कोड लावतो: 'श्रद्धा ढळली'. मीही लावला होता. मग बायबलमधली स्तोत्रं वाचली. स्तोत्र १३ तक्रारीने सुरू होतं आणि सहाच वचनांत भरवशाकडे वळतं. ८८वं वळतच नाही, अंधारातच संपतं. तरी त्यातलं सगळं गाऱ्हाणं देवापाशीच मांडलेलं आहे. काहीच अपेक्षा उरली नसेल, तर माणूस इतकं भांडेल कशाला? म्हणून मुलाखतीत 'आशा' हा शब्द मोजत बसण्याआधी बघा, ती बाई देवाबद्दल बोलतेय की देवाशी? माझ्याकडे आता यासाठी दोन वेगळे कोड आहेत. त्या आईची मुलाखत मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलीय.